शेंड्याकडे बघा: घरच्या बागेत वसंताची चाहूल ओळखण्याची आणि वेळ साधण्याची रीत

पुण्यात आमच्या गच्चीवर वसंत आधी चाफ्याच्या टोकाला येतो. डिसेंबरपासून हा चाफा एकही पान न ठेवता उभा असतो आणि जानेवारीच्या शेवटीही लांबून तसाच दिसतो, राखाडी आणि बोडका. पण जवळ जाऊन फांदीच्या टोकावर बोट ठेवलं की फरक कळतो. महिनाभर कोरडं, आकसलेलं असलेलं टोक आता थोडं फुगलेलं असतं, त्यावर तुकतुकी आलेली असते आणि मधोमध तांदळाच्या दाण्याएवढा हिरवा कोंब डोकावतो. तो दिसला की मी वही काढते आणि तारीख लिहिते. पुढच्या पाच-सहा आठवड्यांची बागेतली कामं त्या तारखेवरून ठरतात.

वसंत लवकर ओळखायचा तो या कामांसाठी. दख्खनच्या पठारावर थंडी आणि उन्हाळा यांच्या मधे वसंताला फार थोडी जागा मिळते. मार्च उजाडला की पुण्यात दुपारी पारा पस्तिशीकडे जातो. कुंड्या बदलणं, छाटणी, खत, उन्हाळी भाज्यांची पेरणी हे सगळं त्याआधी उरकलं, तर नव्या मुळांना कडक उन्हाआधी जम बसवायला वेळ मिळतो. एका वर्षी मी कढीपत्त्याची कुंडी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बदलली होती. आठ वर्षांचं झाड दहा दिवसांत शेंड्यापासून वाळत खाली आलं. मुळं दुखावलेली आणि वरून ऊन, त्याला सावरायला वेळच मिळाला नाही. तेच काम फेब्रुवारीच्या मध्यावर केलं असतं तर ते झाड आजही असतं.

पहिली पायरी: पंचांगातला वसंत आणि कुंडीतला वसंत वेगळे धरा

वसंत पंचमीला सुरुवात करायची असं बरेच जण ठरवतात. दिवस सुंदर आहे, पण तो चांद्र तिथीवर चालतो. २०२४ मध्ये वसंत पंचमी १४ फेब्रुवारीला होती, २०२६ मध्ये २३ जानेवारीला. गुढीपाडवाही असाच सरकतो: २०२४ ला ९ एप्रिल, २०२६ ला १९ मार्च. अधिक महिना आला की तिथी पुन्हा मागे-पुढे होतात. झाडं मात्र सूर्य आणि रात्रीची थंडी यांचा हिशोब ठेवतात. म्हणून निरीक्षणाला मकर संक्रांतीपासून सुरुवात करा, तो दिवस सौर आहे आणि दरवर्षी १४-१५ जानेवारीलाच येतो. त्या दिवशी वहीचं पहिलं पान लिहायचं.

वही साधी शंभर पानी चालते. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी: तारीख, कोणतं झाड, त्याच्या शेंड्याला काय दिसलं, आणि आपण त्या दिवशी काय केलं. आठवड्यातून एकच दिवस ठरवा, रविवार सकाळ उत्तम. 'सीझनवॉच' या उपक्रमात देशभरातले लोक ठरावीक झाडाकडे दर आठवड्याला बघून पालवी, फुलं, फळं यांची नोंद करतात. त्यातली शिस्त घरच्या बागेसाठीही उचलण्यासारखी आहे: तेच झाड, तोच वार. रोज बघणाऱ्याला बदल जाणवत नाही आणि महिन्याने बघणाऱ्याचा तो निसटतो.

दुसरी पायरी: उन्हाची रेघ आखा

बाल्कनी दक्षिणेला असेल तर हे काम चुकवू नका. संक्रांतीच्या दिवशी दुपारी पाऊण वाजता, म्हणजे पुण्यात सूर्य माथ्याजवळ सगळ्यात वर असतो त्या वेळी, फरशीवर ऊन जिथवर आत आलंय तिथे खडूने रेघ मारा. मग दर पंधरा दिवसांनी त्याच वेळी नवी रेघ. वरचा स्लॅब फरशीपासून नऊ फुटांवर असेल, तर संक्रांतीला ऊन स्लॅबच्या कडेपासून साधारण साडेसात फूट आत येतं, फेब्रुवारीच्या मध्यावर साडेपाच फूट आणि २१ मार्चला जेमतेम तीन फूट.

ही रेघ बघायला लागले तेव्हा एक कोडं सुटलं. आतल्या भिंतीलगतचा गुलाब दरवर्षी मार्चमध्ये फुलायचा थांबत होता आणि मी त्याला खत वाढवत होते. खरं तर त्याचं ऊनच गेलेलं असायचं. आता रेघ जशी बाहेर सरकते तशी उन्हाची झाडं कठड्याकडे सरकवते आणि त्यांच्या जागी मनी प्लांट, फर्न असली सावलीची मंडळी आत आणते. पूर्व-पश्चिम बाल्कनीत हा फरक इतका जाणवत नाही. तिथे ऊन यायची आणि जायची वेळ तेवढी टिपून ठेवा.

तिसरी पायरी: तीन जागच्या तीन खुणा जुळू द्या

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण चूक इथेच होते. जानेवारीत ढग येतात, दोन-चार रात्री उबदार जातात, कोकिळ एखादी तान घेतो आणि आपल्याला वाटतं वसंत आला. आठवड्याने आकाश निरभ्र होतं आणि थंडी परत येते. घाईने छाटलेल्या झाडाची कोवळी फूट मग तिथेच अडून बसते. म्हणून एका खुणेवर विसंबायचं नाही. रस्त्यावरची मोठी झाडं, पक्षी आणि आपल्या कुंड्या, या तिन्ही ठिकाणी किमान एकेक खूण मिळाली की हंगाम वळला असं धरायचं.

रस्त्यावर आधी शेवगा पांढऱ्या तुऱ्यांनी भरतो. त्याच सुमारास पांगारा आणि काटेसावर पानं टाकून लाल होतात, गिरिपुष्पाच्या बोडक्या काठ्यांवर फिकट गुलाबी फुलं येतात. पळस बघायला शहराबाहेर पडावं लागतं. यातली बरीच झाडं थंडीतच कळ्या धरतात, त्यामुळे त्यांच्या फुलण्याकडे मी 'तयारीला लागा' अशा अर्थाने बघते. पक्की खूण पिंपळ आणि कडुनिंब देतात. पिंपळाला तांबूस, पारदर्शक वाटावी अशी पालवी फुटली, कडुनिंबाची पिवळी पानं झडून शेंड्यांना तांबडी फूट दिसली, की थंडी मागे फिरत नाही, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

पक्ष्यांमध्ये मी कोकिळापेक्षा तांबटावर जास्त भरवसा ठेवते. थंडीत हा बहुतेक गप्प असतो. ऊन तापायला लागलं की दुपारी त्याची टुक्‌-टुक्‌-टुक्‌ अशी एकसुरी हाक सुरू होते, तांब्याच्या भांड्यावर कुणी हातोडी मारत बसावं तशी. एक दिवस ऐकू आली तर नुसती नोंद करा. सलग आठवडाभर दुपारी ऐकू आली तर ती खूण मोजा.

कुंड्यांमध्ये काय बघायचं ते थोडं सविस्तर सांगते, कारण इथे भिंग घेऊन बसावं लागतं. मोगऱ्याच्या जुन्या, कडक झालेल्या फांदीवर पान जिथे जोडलेलं असतं त्या बेचक्यात टाचणीच्या डोक्याएवढा हिरवा डोळा दिसतो. थंडीत तो चपटा आणि तपकिरी असतो. फुगला की टोकदार होतो आणि नखाला ओलसर लागतो. कढीपत्त्याचा शेंडा थंडीभर एकाच जागी अडलेला असतो, खालची पानं पिवळी पडून गळत असतात, आणि मग एका आठवड्यात मधोमध पोपटी, मुठीसारखी मिटलेली नवी पानं दिसतात. लिंबाला जांभळट कळ्यांचे झुबके येतात. अडेनियमच्या, म्हणजे त्या फुगीर खोडाच्या वाळवंटी फुलझाडाच्या, फांद्यांच्या टोकाशी बारीक हिरवे कोंब येतात. उलट, कोथिंबीर आणि पालक एकाएकी उंच होऊन दांडे काढायला लागले तर तीही चाहूलच: आता त्यांचे दिवस संपले. एक-दोन रोपं बियांसाठी ठेवा, बाकीची काढून कुंड्या मोकळ्या करा.

किमान-कमाल तापमान दाखवणारा थर्मामीटर मिळाला तर गच्चीवर सावलीत टांगा. बातम्यांमध्ये येणारा आकडा वेधशाळेचा असतो, आपल्या गच्चीचा नसतो. सिमेंटची भिंत दिवसभर तापून रात्री ऊब सोडते, त्यामुळे दोन्हींत फरक पडतो. माझ्या नोंदींत रात्रीचं किमान तापमान आठवडाभर १५ अंशांच्या वर राहिलं की कुंड्यांमधल्या खुणाही दिसू लागतात. मुंबई-कोकणात हा टप्पा आधीच ओलांडलेला असतो, तिथे आंब्याचा मोहोर आणि नवी फूट यांवर नजर ठेवा.

चौथी पायरी: पाण्याचा ताण कधी सोडायचा

फळबागवाले लिंबाचा आंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा, धरताना थंडीत पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. जानेवारीत पाणी सुरू करून ताण सोडला की झाड फुलोऱ्यावर येतं. कुंडीतल्या लिंबाला आणि मोगऱ्यालाही हेच लागू आहे, फक्त कुंडीत माती थोडी असल्याने ताण हलका ठेवायचा: पानं किंचित मलूल होऊ द्यायची, वाळू द्यायची नाहीत. डिसेंबरच्या शेवटी साधारण दोन-तीन आठवडे पुरतात.

डोळे फुगलेले दिसले की पाणी वाढवायचं, पण एकदम नाही. पहिल्या दिवशी नेहमीच्या अर्धं, दोन दिवसांनी पूर्ण, आणि नंतर मातीत बोटाची दोन पेरं जातील इतपत खोल कोरडं लागलं की पुन्हा. हलवता येण्याजोगी कुंडी असेल तर ती एका हाताने थोडी उचलून बघा. ओल्या आणि कोरड्या कुंडीच्या वजनातला फरक आठवड्याभरात हाताला कळायला लागतो आणि मग बोट घालावंच लागत नाही.

अडेनियमच्या बाबतीत मात्र घाई अजिबात करू नका. संक्रांतीच्या आसपास एकदा उबदार दिवस बघून मी माझ्या जुन्या अडेनियमला भरपूर पाणी घातलं. झाड झोपेतच होतं, मुळं पाणी घेत नव्हती. पंधरा दिवसांनी खोड दाबलं तर बोट आत गेलं. कोंब दिसेपर्यंत अडेनियमला पाण्याचा थेंब द्यायचा नाही, हा नियम मी तेव्हापासून मोडलेला नाही.

पाचवी पायरी: छाटणी, कुंडी बदलणं आणि खत, याच क्रमाने

तीन खुणा जुळल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांतलं हे काम.

मोगरा नव्या फुटीवर फुलतो, म्हणून त्याला छाटायला भिऊ नये. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, निर्जंतुक करून घ्या, वाळक्या आणि पेन्सिलीपेक्षा बारीक, आत वाढलेल्या फांद्या मुळाशी काढा, उरलेल्या साधारण एक तृतीयांशाने कमी करा. उरलेली जुनी पानं हाताने खुडून टाका. झाड अगदी काटकुळं दिसतं आणि नवीन माणसाच्या छातीत धस्स होतं, पण दहा-बारा दिवसांत प्रत्येक बेचक्यातून फूट येते आणि मार्चच्या मध्यापासून कळ्या धरतात. कढीपत्त्याचे शेंडे चार बोटं खुडा म्हणजे बाजूने फांद्या फुटतील. अडेनियम कोंब दिसल्यावर छाटा आणि कापलेल्या जागेला हळद किंवा बुरशीनाशक लावून आठवडाभर पाण्यापासून जपा. चाफ्याची फांदी लावायची असेल तर हीच वेळ: हातभर काडी कापा, चीक सुकेपर्यंत आठवडाभर सावलीत ठेवा, मग कोरडसर मातीत खोवा.

गुलाबाला आता मोठी छाटणी नको. आपल्याकडे ती ऑक्टोबरात होते. फक्त सुकलेली फुलं दोन-तीन पानांखाली कापा. शेवंतीची फुलं संपली असतील तर दांडे जमिनीपासून चार बोटांवर कापून खालचे फुटवे जपा, पुढच्या वर्षीची रोपं त्यांतूनच निघतात.

कुंडी कोणाची बदलायची? भोकातून मुळं बाहेर आलेल्या, किंवा पाणी घातल्याबरोबर ते खालून निघून जाणाऱ्या झाडांची. कळ्यांवर आलेल्या मोगऱ्याला आणि फुलावरच्या लिंबाला हात लावू नका. आदल्या दिवशी पाणी द्या, संध्याकाळी झाड गड्ड्यासकट काढा, बाहेरून गोल फिरलेली मुळं बोटभर छाटा. नव्या कुंडीच्या भोकावर खापरीचा तुकडा, मग दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड. माती बोटांनी दाबून पोकळी काढा. पाणी घालून आठवडाभर सकाळचंच ऊन मिळेल अशा ठिकाणी ठेवा.

खत सगळ्यात शेवटी, नवी पानं बोटाच्या पेराएवढी झाल्यावर. बारा इंची कुंडीला दोन मुठी गांडूळखत, वरून हलकी खुरपणी. जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन आंबवलेलं द्रावण) करत असाल तर एक भाग जीवामृतात दहा भाग पाणी, पंधरा दिवसांतून एकदा. फूट नसताना दिलेलं खत नुसतं मातीत पडून राहतं.

सहावी पायरी: कोवळ्या फुटीवर कोण बसतंय ते बघा

कोवळी पालवी जितकी आपल्याला आवडते तितकीच माव्याला. जास्वंदीच्या शेंड्यावर मुंग्यांची रांग वर जाताना दिसली की समजावं, वर मावा किंवा पिठ्या ढेकूण आहे, कारण त्यांच्या अंगातून निघणाऱ्या गोड चिकट रसासाठी मुंग्या येतात. पान उलटून बघा. थोडे असतील तर पाण्याचा जोरदार फवारा आणि जुना टूथब्रश पुरतो. जास्त असतील तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि अर्धा चमचा भांड्यांचं साबणद्रावण घोळून संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूने. त्याच शेंड्यावर ढालकिडे (लेडीबर्ड) किंवा त्यांच्या काळपट, काटेरी अळ्या दिसल्या तर फवारू नका. त्या मावा खातात, आठ दिवस त्यांना काम करू द्या.

गुलाबाच्या पानांवर बारीक फिकट ठिपके आणि मागे जाळी दिसली तर तो लाल कोळी. कोरड्या हवेत तो झपाट्याने वाढतो. रोज सकाळी पानांच्या खालून पाणी मारलं की आटोक्यात येतो.

अंगणात आंबा असेल तर मोहोर निघत असताना त्याला पाणी देऊ नका, फळं वाटाण्याएवढी झाली की सुरू करा. मोहोरावर पांढरी पावडर म्हणजे भुरी, त्यावर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम चालतं. फांदी हलवल्यावर टकटक उडणारे पाचरीच्या आकाराचे किडे म्हणजे तुडतुडे. फवारणी मोहोर उमलण्याआधी करा. फुलं पूर्ण उघडल्यावर त्यावर माश्या-मधमाश्या असतात आणि फळ धरणं त्यांच्याच हाती असतं.

सातवी पायरी: उन्हाळी पेरणी

भेंडी, गवार, दोडका, कारलं, काकडी, तांबडा माठ. माती गार असेल तर भेंडीचं बी दिवसचे दिवस तसंच पडून राहतं आणि कुजतं, म्हणून सकाळी कुंडीत बोट घातल्यावर माती बोचरी गार लागेनाशी झाली की पेरा. बी रात्रभर भिजवा, अर्धा इंच खोल, दोन-दोन. वेलांसाठी मांडव आधी बांधा, वेल वर आल्यावर बांधायला गेलं की मुळं दुखावतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये एखादी वळवासारखी सर किंवा गारपीट होऊ शकते. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत महाराष्ट्रात झालेली गारपीट शेतकरी विसरलेले नाहीत. गच्चीवरची रोपं ट्रेमध्येच ठेवली तर आभाळ भरून आल्यावर एका फेरीत आत नेता येतात.

आठवी पायरी: झडलेली पानं जमवा आणि जाळी बांधा

हेच दिवस पानगळीचेही आहेत. रस्त्याकडेला ढिगाने पडणारी पानं पेटवून देताना बघितलं की मला फार वाईट वाटतं, कारण उन्हाळ्यात कुंडीला त्याहून चांगलं पांघरूण नाही. सोसायटीच्या सफाईवाल्या मावशींना आधीच सांगून ठेवा, दोन-तीन पोती कोरडी पानं सहज मिळतात. कुंडीत दोन इंचांचा थर द्या, खोडाभोवती बोटभर जागा सोडून. थर दिलेल्या कुंडीतली माती दुपारीही हाताला गार लागते आणि पाणी निम्म्या वेळाच द्यावं लागतं. उरलेली पानं मोठ्या ड्रममध्ये शेणकाला शिंपडून ठेवा, पावसाळ्याच्या तोंडावर खत तयार होतं.

पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी मार्चच्या पहिल्या आठवड्यात आणून ठेवा, बांधायची मात्र दुपारी दोन वाजता पानं माना टाकायला लागतील तेव्हा. लवकर बांधली तर मोगऱ्याच्या कळ्या कमी होतात, त्याला ऊन लागतं. मोगरा, अडेनियम, चाफा जाळीबाहेरच ठेवा. कुंड्यांपासून किमान सहा फूट उंच बांधा, नाहीतर खाली गरम हवा कोंडते.

जाळी बांधली की वहीत त्या तारखेखाली एक पान कोरं सोडा आणि वर पुढच्या वर्षाच्या संक्रांतीची नोंद घालून ठेवा: चाफ्याच्या कोणत्या फांदीवर पहिला कोंब आला होता, आणि तो कोणत्या दिशेच्या बाजूला होता. आमच्याकडे तो गेली चार वर्षं आग्नेयेकडच्या, पाण्याच्या टाकीलगतच्या फांदीवर येतो.